वेंडेलचा गाल

पोर्ट हॅलर, ओहायो
२२ एप्रिल १९५७

इरेना,

काल माझा रेडिओवरचा पहिला दिवस होता. तू ऐकलं असशील तर मेहेरबानी करून ऐकलं नाही असं लिही. ऐकलं नसशील तर पुढे वाच.

आमचे मुख्य समालोचक मिस्टर टुली. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ते इथल्या पायलट्स संघाचे बेसबॉलचे सामने रेडिओवर सांगताहेत. वाटणी अशी की मैदानात काय झालं ते त्यांनी सांगायचं आणि का झालं ते मी. पहिल्याच डावात त्यांनी मला विचारलं, "एमिल, तू कॅचर असतास तर आत्ता पिचरकडून कुठला चेंडू मागितला असतास?" आणि मी काय केलं असेल? मांडीत हात घालून दोन बोटं दाखवली. टेबलाखाली, मायक्रोफोनला. टुलींनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि मोठ्या अदबीने श्रोत्यांना सांगितलं की मिस्टर हुडाक विचारात पडले आहेत.

आता यात माझा काय दोष? तेरा वर्षं मी बोटांनीच बोललो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं, सगळं बघायचं, आणि जे दिसलं ते आपल्या पिचरखेरीज कुणाच्या बापाला कळू द्यायचं नाही, हे कॅचरचं काम. याच कामावर माझं पोट भरलं. आता म्हणतात, जे दिसेल ते सगळ्या ओहायोला ऐकव. पूर्ण सामनाभर माझी दातखिळी बसली होती. तेवढी क्लोव्हर सॉसेजची जाहिरात मी खणखणीत वाचली, कारण ती कागदावर लिहून देतात.

स्टेशनच्या मालकीणबाई मिसेस ब्रँट सामना संपल्यावर वर आल्या. बाई सरळ आहेत. म्हणाल्या की तुमचं नाव लोकांना माहीत आहे म्हणून घेतलं, मोसम संपेपर्यंत तोंड उघडलंत तर पुढची तीन वर्षं ही खुर्ची तुमची, नाहीतर दुसरा माणूस बघू. माझ्यासाठी 'नाहीतर' म्हणजे टायरचा कारखाना. तिथे गुडघा वाकतो की नाही हे विचारत नाहीत. पण मला बेसबॉल सोडून जायचं नाही, इरेना. गुडघ्याने मैदान सोडायला लावलं तेवढं पुरे झालं. निदान इथून रोज गवत तरी दिसतं.

वेंडेलला आठवण सांग. तो तुमच्या कॅडवेलच्या संघात गेला त्याला दोन वर्षं होत आली, तरी त्याचे चेंडू दुसरा कुणी झेलतोय हे मला अजून खपत नाही. नऊ वर्षं मी झेलले. त्या भानगडीत तुझी-त्याची गाठ पडली आणि माझा पिचर माझा मेहुणा झाला. त्याबद्दल तुम्हां दोघांपैकी कुणीही आजवर माझे आभार मानलेले नाहीत.

तुझा मुका भाऊ,
एमिल


कॅडवेल, न्यूयॉर्क
३० एप्रिल

एमिल,

ऐकलं. संध्याकाळी तुमचं स्टेशन सरोवरावरून इथे अगदी स्वच्छ लागतं, त्यामुळे आमची सुटका नाही. पहिली पंधरा मिनिटं रेडिओ बिघडला असं समजून मी त्याच्या पाठीत थापट्या मारत होते. सासूबाई म्हणाल्या, "रेडिओला कशाला मारतेस? तुझा भाऊ बोलतोय."

तू मुका कधीपासून झालास? माझ्या लग्नात केक कापायचा राहिला होता, आणि तू टेबलावर मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या मांडून माझ्या चुलतसासऱ्यांना कुठला बॅटवाला कुठे उभा राहतो आणि का, हे समजावत बसला होतास. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी ते हललेसुद्धा नाहीत. तसंच बोल की. ओहायो-बिहायो डोक्यातून काढ. मायक्रोफोनच्या त्या जाळीमागे मी बसले आहे असं समज आणि मला सांग. मी मध्ये बोलणार नाही, असं पहिल्यांदाच होईल.

वेंडेल मजेत आहे. मार्चमध्ये सरावात चेंडू तोंडावर बसून दोन दात गेले होते, ते नवे बसवले. ते म्हणे अजून परक्यासारखे वाटतात, म्हणून सारखी त्यांना जीभ लावून बघत असतो. बाकी तीन सामने टाकले, तिन्ही जिंकले. आणि एक बातमी, अजून कुणाला सांगू नकोस. मॅनेजरने त्याला शब्द दिलाय की हा मोसम चांगला गेला तर पुढच्या वर्षापासून तरुण पोरांना पिचिंग शिकवायचं काम त्याचं. छत्तिसाव्या वर्षी असं कुणी विचारतं का? नाही गेला तर सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान आहेच, तिथे बसून खिळे जोखायचे. वेंडेल त्या दुकानावरून जातानासुद्धा रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

तेव्हा तुम्ही दोघेही यंदा परीक्षेला बसलाय, आणि मी एकटी दोघांचा अभ्यास घेतेय.

इरेना


पोर्ट हॅलर
५ जून

इरेना,

जमलं. तुझीच शक्कल. टुलींनी काही विचारलं की मी मनात "इरेना, हे बघ" असं म्हणतो आणि सुटतो. आता टुलींना मला थांबवायला कोपराने ढोसावं लागतं.

परवा एक बॅटवाला उभा राहिला आणि मी बोलून गेलो की याचा पुढचा पाय बघा, नेहमीपेक्षा इंचभर बाहेर आहे, याला बाहेरचा चेंडू हवाय आणि तो आतल्या चेंडूवर फसणार. पुढचाच चेंडू आत आला आणि गडी फसला. टुली माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात तीन माणसांनी मला विचारलं की हे तुम्हाला आधीच कसं दिसतं. मी सांगितलं की मी तेरा वर्षं जमिनीपासून दोन फुटांवर बसून लोकांचे पाय बघत आलोय, चेहरे मला अजूनही ओळखू येत नाहीत. मिसेस ब्रँट म्हणतात सॉसेजचा खप वाढलाय. त्याचं श्रेय मी घेत नाही, पण नाकारतही नाही.

पंधरा तारखेला तुमचे लोक इथे येताहेत आणि वेंडेल पिचिंग करणार असं ऐकतो. त्याच्याबद्दल बोलायला मिळणार म्हणून मी चेकाळलोय. त्याच्याबद्दल मला जितकं माहीत आहे तितकं तुलासुद्धा माहीत नसेल. रागावू नकोस, तू त्याला फक्त घरात बघतेस.

बडबड्या एमिल


कॅडवेल
१७ जून

एमिल,

घशाला काय झालं होतं?

शनिवारी टुली म्हणाले की मिस्टर हुडाकांचा घसा बसलाय. आश्चर्य आहे, कारण सॉसेजच्या जाहिरातीला तुझा घसा चांगला उठला होता. तुमचा पिचर मैदानात असला की तू पोपटासारखा बोलत होतास, आणि वेंडेल आला की चिडीचूप. टुलींनी दोनदा विचारलं की वेंडेल ओक्स आज कसा वाटतो. एकदा तू म्हणालास, "बरा आहे." दुसऱ्यांदा म्हणालास, "हवा छान आहे." जिंकला तरी तो, चार विरुद्ध दोन. जिंकणाऱ्या माणसाबद्दल असं बोलतात?

मला कळत नाही असं समजू नकोस. त्याचा हात संपत आलाय, बरोबर? तुला ते दिसलं आणि माझ्या काळजीने तू गप्प बसलास. शनिवारपासून मी त्याच्या खांद्याकडे बघतेय. काल त्याने भाजलेल्या कणसांची थाळी उजवा हात सोडून डाव्या हाताने उचलली, आणि माझी खात्री पटली. मी सासऱ्यांना हळूच विचारून ठेवलंय की दुकानात जागा कधी होईल. वेंडेलला कळलं तर तो मला खिळ्यांसकट सरोवरात टाकेल. जे असेल ते सरळ लिही.

इरेना


पोर्ट हॅलर
२२ जून

इरेना,

आधी दुकानाचं रद्द कर, आजच्या आज. त्याचा हात ठणठणीत आहे. तसा हात मला मिळाला असता तर मी कॅचर कशाला झालो असतो?

तुला खोटं लिहिणं मला जमत नाही म्हणून जेवढं लिहिता येईल तेवढं लिहितो. त्याला यंदा एक सवय लागली आहे. वळता चेंडू टाकायच्या आधी तो काहीतरी करतो, वेगाच्या चेंडूला करत नाही. त्यामुळे चेंडू सुटायच्या आधीच मला कळत होतं की काय येणार. बॅटवाल्याला हे कळलं तर वेंडेलचे चेंडू मंडईत मांडलेल्या भाजीसारखे होतील, हवा तो निवडावा. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी नऊ वर्षं त्याच्यासमोर बसलो म्हणून मला तिसऱ्या चेंडूला कळलं.

तो काय करतो ते मात्र लिहिणार नाही. तुला लिहिलं म्हणजे त्याला लिहिलं. मला पगार पायलट्सच्या गावातून मिळतो. लीगमध्ये पहिला नंबर कुणाचा यावर पायलट्स आणि तुमचे लोक एकमेकांच्या उरावर बसले आहेत. विरुद्ध संघाच्या पिचरला मी चोरून सावध केलं तर माझ्या तोंडावर कुणी थुंकलं तरी मला बोलायला जागा नाही. आणि पायलट्सच्या मॅनेजरला जाऊन सांगू? मेहुण्याला विकून टाकू? तेही नाही. कॅचरने बघावं आणि आपल्या माणसाला सांगावं, एवढं मला येतं. आपला माणूस कोण, हे आजवर कधी शोधावं लागलं नव्हतं.

म्हणून घसा बसला. तो जरा बसूच दे.

एमिल


कॅडवेल
१ जुलै

एमिल,

असं पत्र लिहिण्यापेक्षा हात संपलाय असं लिहिलं असतंस तर परवडलं असतं. आठवडाभर मी नवऱ्याकडे चोरासारखी बघतेय. आधी वाटलं भुवई. मग वाटलं डावा पाय. रविवारी मागच्या अंगणात त्याला बटाटे फेकायला लावले, म्हटलं कुंपणावरच्या कावळ्याला हाकल. एक वळता बटाटा, एक वेगाचा बटाटा. मला काही दिसलं नाही. कावळाही हलला नाही. सासूबाई खिडकीतून बघत होत्या, त्यांनी रात्रीच्या जेवणाला बटाटे नकोत म्हणून सांगितलं.

शेवटी वेंडेलने बटाटा खाली ठेवून विचारलं की हे काय चाललंय. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून खरं सांगितलं. तुझा मेहुणा किती बोलतो तुला माहीत आहेच. कुंपणाकडे बघत एवढंच म्हणाला, "एमिलला काही दिसलं असेल तर त्याने ते मला सांगता कामा नये. तो आता त्यांचा आहे. सांगितलं तर मी ऐकणार नाही." आणि आत जाऊन हात धुतले.

तुम्हां दोघांची डोकी कुठल्या एका लाकडातून काढली आहेत? एकाला सांगायचं नाही, दुसऱ्याला ऐकायचं नाही, आणि मधल्यामध्ये मी दिवसभर माणसाच्या कानांकडे बघत हिंडतेय. आता मला काही लिहू नकोस. तुझं पत्र आलं की तो पेपर वर धरतो आणि तो उलटा आहे हेही त्याच्या लक्षात येत नाही.

इरेना


पोर्ट हॅलर
२७ ऑगस्ट

इरेना,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आज लिहावं लागतंय.

जुलैत वेंडेल इथे दोनदा आला आणि दोन्ही वेळा माझा घसा बसला. आता गावात त्यावर विनोद होतात. न्हावी मला मधाची बाटली देतो. एका बाईंनी स्टेशनला लिहिलं की तुमचे मिस्टर हुडाक सगळ्यांचे पाय बघतात, मेहुणा आला की छताकडे बघतात. मिसेस ब्रँट नुसतं ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

टुली मात्र बोलले. काल जिन्यात थांबवून म्हणाले, "एमिल, एका माणसाबद्दल तू गप्प बसलास की बाकीच्यांबद्दल जे बोलतोस त्याचीही किंमत जाते." मी रात्रभर त्यावर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो आणि प्रत्येक वेळी तेच जिंकले.

तेव्हा माझं ठरलंय. येत्या शनिवारी वेंडेल इथे पिचिंग करणार. मला जे दिसेल ते मी मायक्रोफोनमध्ये बोलणार आहे. पायलट्सच्या मॅनेजरच्या कानात नाही, तुझ्या पत्रात नाही. सगळ्यांना एकदम, ओहायोला आणि न्यूयॉर्कला सारखंच, फुकट. यापेक्षा सरळ रस्ता मला सापडत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीच्या कामाचं काय होईल याचा विचार मी केलाय, हेही तुला सांगून ठेवतो.

शनिवारी रेडिओ लावू नकोस.

एमिल


कॅडवेल
२ सप्टेंबर

एमिल,

रेडिओ लावू नकोस असं तू मला लिहिलंस. मला! तू मला कधी ओळखायला लागणार?

दुसऱ्या डावात तुझा आवाज आला, अगदी शांत, आपल्या जेवणाच्या टेबलावरचा आवाज: "ओक्सचा डावा गाल बघा. वळता चेंडू टाकायचा असला की तो आतून जिभेने फुगतो. वेगाच्या चेंडूला सपाट राहतो." माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. दात! ते मेले नवे दात. आख्खा उन्हाळा मी त्याच्या भुवया बघत होते आणि गाल माझ्यासमोर रोज सकाळी कॉफी पीत होता.

पुढचं तूच सांगितलंस, म्हणून तुला परत सांगण्यात अर्थ नाही, पण सांगणार आहे. तुमच्या संघाच्या बाकाच्या मागच्या खोलीत बॅटी आणि कपडे सांभाळणारा म्हातारा रेडिओ लावून बसतो हे तुला माहीत होतं. तिसऱ्या डावात तुमच्या पोरांनी वेंडेलच्या खांद्याकडे बघणं सोडलं आणि तोंडाकडे बघायला लागले. पाच धावा. मॅनेजर मैदानात चालत गेला आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. हे सांगताना तुझा आवाज कापत होता, आणि मला वाटलं, कापू दे. मी रेडिओ बंद केला. 

काल संघाची बस आली. आपल्याला का झोडपलं हे वेंडेलला तोवर ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तू बोललास ते शब्दाला शब्द सांगितलं. तो न्हाणीघरात गेला आणि आरशासमोर उभा राहून हात फिरवत राहिला, एकदा गाल फुगवून, एकदा न फुगवता. मी दारात उभी राहून विचारलं की मी एमिलशी बोलणं सोडू का. म्हणाला, "तू तुझं बघ."

पुढच्या रविवारी शेवटचा सामना इथे आहे. जो जिंकेल तो लीगमध्ये पहिला. मॅनेजरने पिचिंग वेंडेललाच दिलंय, पण सांगितलंय की पुढच्या वर्षाचं काय ते या सामन्यावर ठरेल. तू येशील तेव्हा आमच्याकडे उतरू नकोस. पलंगावर चादरी घातलेल्या नाहीत आणि मी घालणारही नाही.

इरेना


पोर्ट हॅलर
५ सप्टेंबर

इरेना,

हॉटेलात उतरतो.

माफी मागत नाही, कारण रविवारी मला पुन्हा तेच करायचं आहे. जे दिसेल ते बोलणार. त्याने सवय मोडली असेल तर मोडली असं सांगेन, नसेल तर नाही असं सांगेन. फक्त एवढं त्याच्या कानावर घाल की गेल्या शनिवारी चेंडू त्याच्या हातातून काढून घेतला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. टुलींनी कोट धरून खाली बसवलं. तेरा वर्षांत पिचर असा जायला लागला की मी त्याच्याबरोबर रेषेपर्यंत चालत जायचो, पाय विसरले नाहीत.

एमिल


कॅडवेल
१० सप्टेंबर

एमिल,

तुमची बस सामना संपल्या संपल्या निघाली म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर हॉटेलात येऊन समोरासमोर भांडले असते. आधी मला सगळं माझ्या बाजूने सांगू दे, तुझी बाजू आख्ख्या न्यूयॉर्कने ऐकली आहे.

रविवारी मी मैदानावर यायला निघाले होते. वेंडेल म्हणाला, "घरी बस. रेडिओ लाव आणि एमिल काय म्हणतो ते ऐक." मी म्हटलं, त्याचा आवाजसुद्धा मला ऐकायचा नाही. तर म्हणाला, "दुसऱ्या डावापर्यंत तो ओळखेल. आणि बोलेल." मी विचारलं, मग? म्हणाला, "मग बरं." एवढ्यावर मला घरी ठेवून तो गेला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानातला गलका ऐकू येतो, म्हणजे एका कानाला तू आणि दुसऱ्या कानाला सगळं कॅडवेल.

पहिल्या डावात तुमच्या पोरांनी त्याचा फुगलेला गाल बघितला आणि वळता येणार म्हणून सावकाश बॅट काढली. आला वेगाचा. दुसरा तसाच, तिसराही तसाच. ते माश्या मारल्यासारखे हवेत बॅटी फिरवत होते. आणि मला तेव्हा कळलं की आरशासमोर तो सवय मोडत नव्हता, ती वापरायला शिकत होता. मी टेबलावर मूठ आपटली. सासूबाईंनीही आपटली.

आणि तू? दुसरा डाव सुरू झाला नाही तोच, "थांबा, मंडळी. ओक्सचा गाल आज खोटं बोलतोय. गालाकडे बघूच नका." मी हातातली पळी रेडिओला फेकून मारली, रेडिओची डावी बाजू चेपली आहे, भरपाई तू देणार. सासूबाई म्हणाल्या, "या माणसाच्या पोटात काहीच राहत नाही का?" मला वाटलं संपलं. तुमच्या संघाबरोबर आलेल्या त्या म्हाताऱ्याने इथेही बाकावर जाऊन सांगितलं असणार, आणि सांगितलंच होतं.

पण एमिल, वेंडेलला हेच हवं होतं. ते मला तिसऱ्या डावात समजलं, तुला बहुतेक माझ्या आधी समजलं असेल. गाल खोटा आहे हे तू जाहीर केल्यावर तिकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. मग त्याने जीभ हवी तिथे ठेवली. कधी खरा फुगवला, कधी खोटा, कधी सवयीने फुगला असेल, कुणाला पडलंय? तो पुन्हा साधा पिचर झाला, चांगला हात असलेला. परत आल्यावर मी त्याला विचारलं की एमिल बोललाच नसता तर? म्हटलं, गाल उलटा वाचायचा हे चार डावांत त्यांचं त्यांनाच कळलं असतं आणि पुन्हा ते गाल वाचायला बसले असते. तर म्हणाला, "एमिल बोलला नसता असं होत नाही." त्याने सामना त्यावरच बेतला होता. पाच धावांनंतर, चारचौघांत नाक कापल्यानंतर, त्याने तुझ्या खरेपणावर सामना लावला. मी इतकी वर्षं दोघांबरोबर काढली, पण हे मला सुचलं नसतं.

मिसेस ब्रँटने तुला तीन वर्षं दिली हे काल टुलींकडून रेडिओवर कळलं. तुमच्या गावातले लोक चिडून पत्रं लिहिताहेत म्हणे, आणि बाई म्हणाल्या की चिडणारा माणूस ऐकत असतो. वेंडेललाही सोमवारी मॅनेजरने बोलावलं. मार्चपासून पोरांना शिकवायचं. सासऱ्यांनी दुकानात एक मुलगा ठेवला, त्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे खिळे खूश होऊन जोखतो.

मी अजून रागावलेली आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये, चादरी घालीन, पण रागावलेलीच असेन. टर्की वेंडेल कापणार, तेव्हा तुझी खुर्ची दुसऱ्या टोकाला.

आता शेवटच्या डावाबद्दल. आमच्या दोन धावा, तुमची एक, तुमचे दोघे बाद, तिसरा बाद झाला की सामना आमचा, आणि तुमचा एक गडी तिसऱ्या कोपऱ्यावर. खिडकीतून येणारा गलका थांबला. टुलींनी विचारलं, "एमिल, आता ओक्स काय टाकणार?"  मग तू म्हणालास, "मला माहीत नाही, टुली. नऊ वर्षं मी त्याचे चेंडू झेललेत, आणि मला माहीत नाही." आणि तू हसलास. तुमचा गडी बाद होत होता, तुमचं गाव हरत होतं, आणि तू हसलास. मग खिडकीतून आमचं गाव ओरडलं आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी वेंडेल आला. खांद्यावर बर्फाची पिशवी, कपड्यांवर कुणीतरी ओतलेली बिअर. मैदानात लोकांनी त्याला उचलून घेतलं होतं, बँड वाजला होता, महापौरांनी हात हलवला होता, पण यातलं तो काही बोलला नाही. दारातच विचारलं, "शेवटी एमिल काय म्हणाला?" मी सांगितलं. म्हणाला, परत सांग. मी परत सांगितलं. मग पायरीवर बसला आणि म्हणाला, तो म्हणाला तसंच सांग, त्याच्या आवाजात. मला तुझा आवाज काढता येत नाही, तरी काढला. हसायचं विसरले तर म्हणाला, तू म्हणालीस तो हसला. म्हणून हसलेसुद्धा.

त्याने माझ्याकडे पाठ केली आणि बाहीने तोंड पुसलं. डोळे पुसत होता की बिअर, ते मी बघितलं नाही. मग म्हणाला, "त्याच्या तोंडून 'मला माहीत नाही' एवढं ऐकायला मला दुसऱ्या संघात जावं लागलं."

इरेना